लबाड ठरलेला ओळंबा

मी एक ओळंबा. पितळेचा, पावशेर वजनाचा, दोरीच्या टोकाला लोंबणारा. पुण्यातल्या एका ओताऱ्याने मला घडवलं आणि मोशीच्या ज्योतीराम गवंड्याने विकत घेतलं. भिंत सरळ आहे की झुकली, एवढं सांगणं माझं काम. आयुष्यात एकदाही खोटं बोललो नाही, तरी लबाड म्हणून नाव कमावलं. त्याचीच ही हकीकत.

पंचावन्न साली पिंपरीत एका कारखान्याच्या भिंती उठत होत्या. ज्योतीरामशेजारी पिंपळे गुरवचे तात्याबा काम करत. त्याच्या हातात पहिली थापी त्यांनीच दिलेली. ते भिंत नुसत्या नजरेनं जोखायचे. ओळंबा बाळगणं त्यांना कमीपणाचं वाटे. पण माणसाची नजर ती, साठीला दगा देऊ लागली.

एका सकाळी ज्योतीरामला त्यांची भिंत झुकलेली दिसली. दुपारी साहेब मापं घ्यायला येणार होता, आणि वाकडी भिंत दिसली की तो गवंड्याला त्याच दिवशी घरी धाडायचा. सांगायचं तरी कसं? आमच्या गवंड्यांत दुसऱ्याच्या भिंतीला ओळंबा लावणं म्हणजे चारचौघांत त्याचं पागोटं उतरवणं.

ज्योतीराम मला घेऊन त्यांच्यापाशी गेला.

"तात्या, ह्यो ओळंबा लबाडी करतोय जनू. तुमच्या भिंतीवर जरा पारखून द्या की."

मी लबाड? असा संताप आला मला. पण गप्प लोंबण्यावाचून ओळंब्याला येतं काय.

तात्याबांनी दोरीच्या दुसऱ्या टोकाचा लाकडी ठोकळा वर भिंतीला टेकवला आणि मला खाली सोडलं. भिंत सरळ असती तर मी तिला जेमतेम टेकलो असतो; पण अर्धं बोट लांब राहिलो. त्यांनी मला दोनदा वर घेऊन पुन्हा सोडलं.

"लई लबाड हाय," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे माझ्यापाशी घटकाभर."

ज्योतीराम पाठ फिरवून आपल्या कामाला लागला. तात्याबांनी सकाळचे सहा थर, सांध्यांतला माल ओला होता तोवर, उतरवले आणि मला लावून पुन्हा रचले. साहेब आला, मापं घेऊन गेला.

संध्याकाळी तात्याबांनी मला धुऊन पुसून परत केलं. "ज्योती, उद्याबी आण ह्याला. रोज पारखाया पायजे."

"व्हय, तात्या."

चार वर्षं रोज माझी पारख झाली. दोघांपैकी कुणी त्यावर अवाक्षर काढलं नाही. यंदा तात्याबा आपल्या मर्जीनं घरी बसले. जाताना मला ज्योतीरामच्या हातावर ठेवून म्हणाले, "लबाड लई खरा निघाला रं." ज्योतीरामचे डोळे भरून आले. माझाही राग तिथंच गेला.

तुमच्या सोबत्याची भिंत झुकली, तर दोष खुशाल माझ्यावर ढकला. मला त्याच्या हातात द्या, आणि तुम्ही तेवढी पाठ फिरवा.