नावाचा चरण

धनजच्या भजनी मंडळात पखवाज जानरावांचा, टाळ सगळ्यांचे आणि शब्द इंद्रभानचे, अशी वाटणी ठरून गेलेली होती. पंधरा वर्षांत इंद्रभानने साठ-एकसष्ट भजनं रचली आणि लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत शाईच्या पेन्सिलीने उतरवून ठेवली. पेन्सिल जिभेला लावून लिहायची त्याला खोड होती. त्यामुळे गुरुवारी तो मारुतीच्या देवळात आला आणि त्याची जीभ जांभळी दिसली, की आज नवीन भजन आहे हे मंडळी न सांगता ओळखायची.

प्रत्येक भजनाचा शेवटचा चरण नावाचा. 'इंद्रभान म्हणे' आल्याशिवाय त्याच्या लेखी भजन पुरंच होत नसे. ही रीत काही त्याने काढलेली नव्हती, ती जुन्यांपासून चालत आलेली. पण खरं सांगायचं तर हा गडी आधीचे सगळे चरण त्या एका चरणासाठीच रचायचा. पंचवीस माणसं टाळ वाजवत एका सुरात त्याचं नाव घेत, तेव्हा त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. शेतात दिवसभर राबून आलेला माणूस, त्याला एवढं सुख कोण नाही म्हणेल?

एक गोष्ट मात्र त्याला सलत होती. गावात त्याची भजनं सगळे म्हणत, फक्त त्याच्या घरात कोणी म्हणत नव्हतं. त्याची बायको सोजरबाई दळताना गायची, सारवताना गायची, आईकडून ऐकलेली गाणी गायची, पण नवऱ्याचं भजन एकदाही तिच्या ओठांवर आलं नाही. का, हे त्याने कधी विचारलं नाही. मानी माणूस विचारत नाही, नुसता कुढतो.

मग त्यांची हिरी गेली. पाच वर्षांची पोर, दोन दिवसांचा ताप. त्यानंतर सोजरबाईचं गाणंच बंद झालं. काम सगळं करायची, बोलायची कामापुरतं, आणि रोज दिवेलागणीला दारात उभी राहून गल्लीच्या टोकाकडे बघत राहायची. इंद्रभानने देह कसा नाशिवंत आहे आणि माया कशी खोटी आहे यावर एक जड भजन रचलं. देवळात जानरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन त्याने ते बायकोला वाचून दाखवलं. पहिली ओळ ऐकून ती पाणी आणायला उठून गेली. घरात दोन्ही घागरी भरलेल्या होत्या.

अशी दोन वर्षं गेली आणि छप्पन सालची कापसाची वेचणी आली. वेचणीला मानोऱ्याकडच्या एका तांड्यातून दौलतसिंग आणि त्याची बायको गोमतीबाई आली. गोमतीबाई म्हणजे बोलणं कमी आणि गाणं जास्त. ओटीत बोंडं पडायची तशी तिच्या तोंडून चाल पडायची. सोजरबाई तिच्या शेजारच्या तासाला, कापसाच्या ओळीला, लागली आणि आठ दिवस तशीच राहिली.

एका दुपारी इंद्रभान कापूस न्यायला बैलबंडी घेऊन शेतात गेला. बैल बांधावर थांबवले आणि त्याला हसू ऐकू आलं. सोजरबाई हसत होती. दोन वर्षांनी. कापसाच्या ढिगाशी बसून गोमतीबाई मांडीवर ठेका धरत होती, सोजरबाई काही म्हणत होती आणि मध्येच खुदकन हसत होती. त्याला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण त्याच्या आधी मनात आलं ते वेगळंच. पंधरा वर्षं आपण पेन्सिल चाटून जीभ जांभळी केली, आणि हिला हसवलं ते ज्या बाईला 'ग' लिहिता येत नाही तिने.

त्याला बघून दोघी गप्प झाल्या. त्याने कापूस भरला आणि बैल घराकडे वळवले.

त्या दिवसापासून सोजरबाई चुलीपुढे गुणगुणायला लागली. दिवेलागणीला दारात उभं राहणं कमी झालं. भाकरीला पूर्वीसारखा पापुद्रा यायला लागला, आणि इंद्रभानला ती भाकरी गोड लागेना. चार दिवस त्याने दम धरला, पाचव्या दिवशी विचारलंच.

"काय म्हनून राह्यली थे?"

"रानातलं गानं हाये. गोमतीबाई अन्..."

"समजलं," असं म्हणून तो ताटावरून उठला. पुढचं त्याने ऐकलंच नाही. ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

वेचणी सरली. तांड्यावर जायच्या दिवशी गोमतीबाई निरोप घ्यायला अंगणात आली, तेव्हा सोजरबाईने लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याकडे लिहिण्याचं काही मागितलं.

"अवो, आमचं थे गानं तुमच्या वहीत लिवून ठेवा न. म्या विसरून गेली तं?"

नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं. तो वही घेऊन ओट्यावर बसला. दोघी मिळून सांगत गेल्या, एकीने अर्धं सोडलं की दुसरीने धरायचं.

*देव लपला कापसात, म्हने मी नाही इथं,*
*हसू फुटलं ढिगातून, तवा कळलं कुठं.*

*माय शोधते घरदारी, माय शोधते रानी,*
*ज्याले त्याले पुसते बाई, पाह्यला का कोनी.*

*माय आता बसली बाई, ढीग पुढे जिथं,*
*नको येऊ भायेर देवा, नुसता हास तिथं.*

लिहिता लिहिता त्याची पेन्सिल दोनदा अडखळली. गाणं साधं होतं, पोरासोरांच्या तोंडी शोभेल असं. पण कापसाच्या ढिगात देव लपवायचं त्याला साठ भजनांत सुचलं नव्हतं. त्याचे देव सगळे वैकुंठातच बसलेले.

"नाव कोनाचं घालू?" त्याने गोमतीबाईला विचारलं.

"नाव कायले पाह्यजे, पाटील?" ती म्हणाली. "गानं हाये, बैल नाही डाग द्याले."

बाहेरून दौलतसिंगची हाक आली. गोमतीबाईने सोजरबाईचा हात धरला, जरा वेळ तसाच धरून ठेवला आणि निघून गेली.

आता इंद्रभानच्या पुढे ते गाणं होतं, आणि त्याला धनी नव्हता. जिचं ते गाणं असं तो समजत होता, ती म्हणत होती, नाव नको. मग बिननावाचं भजन मंडळात म्हणायचं कसं? मंडळ विचारील, कोणाचं? तांड्यावरच्या बाईचं, असं सांगायला त्याची जीभ वळेना. त्याने स्वतःची चांगली समजूत घातली, की रीत ती रीत, नावाचा चरण हवाच. चालीवर म्हणून पाहिलं. 'इंद्रभान म्हणे' जरा ओढून म्हटलं की 'नको येऊ भायेर'च्या जागी बसत होतं. त्याने शेवटची ओळ खोडली आणि खाली लिहिलं, *इंद्रभान म्हणे देवा, नुसता हास तिथं.*

गुरुवारी त्याने ते भजन मंडळापुढे ठेवलं. त्या संध्याकाळी सोजरबाई दोन वर्षांनी देवळात आली आणि मागे बायकांत बसली. आपलं गाणं ऐकायला आली होती हे उघडच होतं. जानरावांनी ठेका धरला. पहिल्याच चरणाला पोरं हसली, दुसऱ्याला म्हाताऱ्यांनी डोळे मिटले. इंद्रभानने चोरून मागे पाहिलं. सोजरबाईचे ओठ हलत होते. चरणामागून चरण ती सगळ्यांबरोबर म्हणत होती, चेहरा कसा उजळलेला. मग नावाचा चरण आला. मंडळींनी तो तीनदा घोळवून म्हटला, आणि पहिल्याच खेपेला तिचे ओठ मिटले. तिसऱ्या खेपेला ती उठून निघून गेलेली होती.

भजन संपल्यावर जानरावांनी पखवाजावर हात ठेवला.

"इंद्रभान, पंधरा वर्सं तू रचून राह्यला बाप्पा. आज कुठं देव आला."

आजवर त्याला एवढी शाबासकी कोणी दिली नव्हती, आणि एवढी चपराकही. म्हणजे आधीच्या साठांत देव नव्हता, असाच त्याचा अर्थ. तो हसला, कारण हसावंच लागलं. गोमतीबाई समोर असती तर त्याने तिच्याकडे बघितलंही नसतं, इतका तिच्यावर तो जळत होता.

घरी चूल गप्प होती. दुसऱ्या दिवशी गुणगुणणं नाही, तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी दिवेलागणीला सोजरबाई परत दारात जाऊन उभी राहिली, गल्लीच्या टोकाकडे बघत. ते इंद्रभानने पाहिलं. बाई महिनाभर परत आली होती आणि आता पुन्हा चालली होती.

तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला. बोलायला गेला, पण तोंडून पुन्हा जळजळच निघाली.

"गोमतीबाईचं गानं मी घेतलं म्हून एवढा राग? एवढी कोन लागते थे तुले?"

सोजरबाई वळली.

"गोमतीबाईची चाल हाये. बोल माहे हायेत."

त्याला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"हिरी लपे कापसात," ती म्हणाली. "रोज. वेचनीत मी ढीग केला का ते त्याच्यात शिरे, अन् आतून म्हने, मी नाही इथं. अन् मंग हसे. गोमतीबाईले मी तेच सांगत होती. तिनं म्हटलं, रडून कायले सांगतं, चालीवर सांग. मंग रोज एक एक ओळ झाली."

"हिरी कापसात लपे?"

"तुमी बंडी घेऊन याचे, तवाई ते आतच राहे. तुमाले कधी दिसली नाही."

इंद्रभान दारातच खाली बसला. आपल्याच पोरीचं गाणं त्याने आपल्याच हाताने लिहून घेतलं होतं, आणि ती त्याला ओळखू आली नव्हती.

"मले सांगायचं होतं," तो कसंबसं म्हणाला. "नाव तुहं घातलं असतं."

"नावाचं काय घेऊन बसले?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "दोन वर्सं मी या दारात उभी राहून पोरीले ये म्हनून राह्यली होती. 'नको येऊ भायेर' म्हटलं, अन् मी सुटली. तेच तुमी खोडलं. अन् त्या जागी तुमचं नाव. आता थे माह्या तोंडातून निघंल तरी कसं?"

"काहून नाही निघनार?"

तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की एवढंही कळू नये का माणसाला.

"नवऱ्याचं नाव बाई घेते काय? तुमची सारी भजनं पाठ हायेत मले. साऱ्याच्या सारी. पर कोनत्याच भजनाचा शेवट मले म्हनता येत नाही. अर्धवट भजन कायले म्हनावं, देवाचा अपमान. म्हून मनातच म्हनत राह्यली."

पंधरा वर्षांची ती सल, आणि तिचं कारण एवढंच होतं. ज्या चरणासाठी तो भजन रचायचा, त्याच चरणाने बायकोचं तोंड बंद केलं होतं. त्याने आत जाऊन वही आणली. शाईच्या पेन्सिलीचं लिहिलेलं काही पुसून जात नाही. ओलं बोट फिरवलं तर 'इंद्रभान' पसरून जांभळा डाग झाला, अख्ख्या ओळीवर. मग त्याने खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं, *नको येऊ भायेर देवा, नुसता हास तिथं,* आणि तिला वाचून दाखवलं. ती दारातून आत आली आणि चूल पेटवायला बसली.

जळणं संपलं असेल असं कोणाला वाटलं तर तसं नव्हतं. त्या ओळीकडे तो बराच वेळ बघत राहिला. आपण वहीवर डोकं फोडून जे शोधलं ते हिला ओटीत बोंडं टाकता टाकता सापडलं, याचा काटा तिथेच होता. फक्त आता रागवायला परकी बाई उरली नव्हती.

पुढच्या गुरुवारी मंडळाने तेच भजन मागितलं. सोजरबाई मागे बसली होती. तिसरा चरण आला, मंडळींनी सवयीने 'इंद्रभान' म्हणायला तोंड उघडलं आणि इंद्रभानने हात वर करून टाळ थांबवले. मग बायकांतून एकच आवाज आला, जरा घोगरा, वापरात नसलेला.

*नको येऊ भायेर देवा, नुसता हास तिथं.*

जानरावांचा हात पखवाजावर आपोआप पडला. मंडळींनी ओळ उचलली आणि तीनदा म्हटली.

भजन थांबल्यावर जानरावांनी विचारलं, "अरे, नावाचा चरण कुठं गेला? भजन कोनाचं हाये मंग?"

पंचवीस माणसं इंद्रभानकडे बघत होती. उत्तर द्यायचं म्हणजे साठ भजनांचं सुख हातातून सोडायचं. बायकोचं नाव चारचौघांत घ्यायची रीत नव्हती. आणि ज्या नावाने तो पूर्वी तिला हाक मारायचा, ते नाव पोर गेल्यापासून त्याने उच्चारलं नव्हतं.

"हिरीच्या मायचं," तो म्हणाला.

मागे बायकांत कोणीतरी हुंदका दिला. जानरावांनी पखवाज बाजूला सरकवला.

"अन् तू?"

"मी लिवून घेतो," इंद्रभान म्हणाला.