आधी दशांश, मग अंश

यमुनाबाई साव्यांनी डहाणूच्या हवामान वेधशाळेत चौतीस वर्षं थर्मामीटर वाचले. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी सकाळचे साडेआठ वाजले की हातातलं काम थांबायचं आणि आज किती असेल, याचा अंदाज मनात तयार व्हायचा. समुद्रावरचा वारा वळला की त्यांना तो स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कळे. एकट्या राहत, पण कंटाळलेल्या कधी कुणाला दिसल्या नाहीत. वाडीत चार चिकूची झाडं होती, वाचायला पुस्तकं होती आणि शनिवारी संध्याकाळी शितल यायची.

शितल दुमाडा तलासरीकडच्या एका पाड्यावरची. इंजिनिअरिंगची चार वर्षं तिने यमुनाबाईंच्या माडीवर राहून काढली होती. पास झाल्यावर ती तलासरीच्या एका शाळेत वर्षभरासाठी संगणक शिकवायला लागली. पण पाड्यावर इंटरनेटचा पत्ता नसे, म्हणून शनिवार-रविवार मुक्काम पुन्हा माडीवरच.

शाळेला कुणीतरी बारा जुने संगणक भेट दिले होते. खोली पत्र्याची. एका संगणकाच्या पंख्यात पाल अडकली, पंखा थांबला आणि आतला मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी, तापून गेला. राहिले अकरा. मदरबोर्डवर तापमान मोजणारी एक चिप असते, ती आपलं काम चोख करत होती; पण ती काय म्हणते ते लिनक्सला, म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीला, कळत नव्हतं. कळायला त्याच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, एक छोटा प्रोग्राम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. या चिपसाठी तो जगात कुणीच लिहिलेला नव्हता. शितलने थंडीचे तीन महिने खपून तो लिहिला.

"म्हणजे तू तिथे वेधशाळेचा माणूस नेमलास म्हण की," यमुनाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या.

"हो मावशी. चोवीस तास ड्युटी, रजा नाही."

"आणि पेन्शन?"

"तीही नाही."

"मग टिकायचा नाही तो. बघ."

हे थट्टेत म्हटलेलं एप्रिलमध्ये खरं व्हायची वेळ आली. २०१७ सालचा एप्रिल. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा चालू होती, शितलची आई नवशी हिने तिथून आणलेली सुकी मासळी पिशवीत घालून पाठवली होती. शितलने पिशवी ओट्यावर ठेवली आणि धपकन पाटावर बसली.

"काय गं, यात्रेत पाळण्यात बसून चक्कर आली का?"

"ड्रायव्हर परत आला मावशी."

तिने तो कर्नल सांभाळणाऱ्या लोकांकडे पाठवला होता. त्यांनी एकदा घेतला की जगातल्या प्रत्येक लिनक्समध्ये तो आपोआप जातो, कुणाला काही करावं लागत नाही. तोवर मात्र लिनक्सची नवी आवृत्ती आली की ड्रायव्हर प्रत्येक संगणकात हाताने पुन्हा बसवायचा. ते शाळेत एकट्या शितलला येत होतं, आणि जूनमध्ये तिला पुण्याला नोकरीवर हजर व्हायचं होतं.

"त्यांनी लिहिलंय, नोंदीत मधूनच एक-एक अंशाच्या उड्या दिसतात. त्या कुठून येतात ते सांगा, नाहीतर घेता येणार नाही. आणि कर्नलच्या पुढच्या आवृत्तीत जायला दहाच दिवस उरलेत."

"उड्या खऱ्या असतील."

"खऱ्या कशा असतील? एका सेकंदात अंशभर वर आणि लगेच खाली! आणि मीच शहाणी, असं लिहून ठेवलंय की एकदम अंशभर चढलं तर पंखा अडकला समजायचं आणि संगणक बंद करायचा. पाल गेल्यापासून धास्तीच घेतली होती ना. आता मुलं बसलेली असताना पटापट बंद पडतात. सुदर्शन सर म्हणाले, तू गेल्यावर ही अकरा डबडी मी कुणाच्या गळ्यात बांधू?"

सुदर्शन सर म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक. माणूस वाईट नव्हता. पावसाळ्यात शाळेतल्या जेवणाचा तांदूळ ठेवायला त्यांना कोरडी खोली हवी होती, एवढंच.

शितलचा संशय विजेवर होता. तलासरीत वीज कमी-जास्त होते. मग धुळीवर. मग चिपच सदोष असेल, यावर. रविवारी सकाळपर्यंत तिने तिन्ही गोष्टी तपासल्या. उड्या तशाच.

"मला दाखव तुझी नोंद," यमुनाबाई म्हणाल्या.

"तुम्हाला काय कळणार त्यात? नुसते आकडे आहेत."

"चौतीस वर्षं मी काय, रांगोळी काढत होते? आण. पण त्या पडद्यावर नको, डोळ्यांना पाणी येतं. कागदावर आण."

शितल हसली, सायकल काढली आणि स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून अकरा पानं छापून आणली. यमुनाबाईंनी जेवण उरकलं, चष्मा पुसला, लाल पेन्सिल घेतली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसल्या. त्यांची वाचायची रीत जुनी: पट्टी ओळीखाली ठेवायची आणि एक-एक ओळ खाली सरकवायची. शितल पलीकडे लॅपटॉप घेऊन बसली होती, पण लक्ष सगळं पेन्सिलीकडे.

चौथ्या पानावर पट्टी थांबली. ४८.२, ४८.१, ४८.०, ४८.९, ४७.८. यमुनाबाईंनी ४८.९ भोवती गोल काढला. पुढे ४६.८, ४६.९, ४६.०, ४७.१. तिथे ४६.० भोवती. मग त्या थांबेचनात. प्रत्येक गोल तिथेच, जिथे पारा एका अंशावरून दुसऱ्या अंशावर जात होता. मधल्या आकड्यांत एकही चूक नाही.

त्यांना एकदम पांढऱ्या लाकडी झडपांची पेटी दिसली, तिच्यासमोर उभी चोवीस वर्षांची यमुना दिसली. १९७२ साल, नोकरीचा पहिला महिना. पारा तिसाच्या रेघेच्या जरासा खाली होता. तिने आधी पाहिलं एकोणतीस, मग दशांश पाहायला गेली तोवर तिच्याच श्वासाच्या उबेने पारा तिसाच्या रेघेवर. दशांश शून्य. वहीत लिहिलं २९.०. वेधशाळेचे प्रमुख काशीनाथराव वही आणि आपोआप नोंद करणाऱ्या यंत्राच्या आलेखाचा कागद शेजारी धरून म्हणाले होते, "आलेखावर तीस, तुझ्याकडे एकोणतीस. मधला अंश खाल्लास का गं?" सगळी कचेरी हसली होती.

"शितल, इकडे ये. तुझी चिप आकडा कसा देते? एकदम, की तुकड्यांनी?"

"दोन तुकडे. पूर्ण अंश एका कप्प्यात, अपूर्णांक दुसऱ्यात."

"आणि तू आधी कोणता वाचतेस?"

"पूर्ण अंश. मग दुसरा."

"आणि मधल्या वेळात हवा तुझ्यासाठी थांबते?"

शितलने कागद जवळ ओढला. मग कागदावरच्या गोलाकडे पाहिलं. "अठ्ठेचाळीस वाचलं... तेवढ्यात सत्तेचाळीस पूर्णांक नऊ झालं... मी दुसऱ्या कप्प्यातून नऊ उचललं... अगं बाई! अठ्ठेचाळीस पूर्णांक नऊ!"

"काशीनाथरावांनी आम्हाला एकच रीत शिकवली. दशांश पळतो, म्हणून आधी दशांश, मग अंश. आणि लिहायच्या आधी मान न हलवता पुन्हा एकदा पाहायचं. जुळलं तर लिहायचं, नाही जुळलं तर पुन्हा सगळं वाचायचं. माणसाला लाज वाटते पुन्हा पाहायची. यंत्राला कसली लाज?"

शितल तोवर टाइप करायला लागलीसुद्धा होती. अंश वाच, अपूर्णांक वाच, अंश पुन्हा वाच. दोन अंश वेगळे निघाले तर पहिल्यापासून. पाच ओळींचं काम. "तुमच्या क्रमाने नाही बरं का मावशी, मी अंशच दोनदा पाहते."

"पुन्हा पाहतेस ना? मग क्रमाबद्दल काशीनाथराव रागावणार नाहीत."

सोमवार ते शुक्रवार अकराही संगणक चालू राहिले. एकही उडी नाही. शुक्रवारी दुपारी सुदर्शन सरांनी स्वतः पत्र्याच्या खोलीत येऊन पाहिलं, रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "तांदूळ ठेवू कुठेतरी." शनिवारी शितल माडीवर आली ती खुलून, पण एक अडचण घेऊन.

"दुरुस्ती पाठवताना ती कुणी सुचवली त्याचं नाव लिहायचं असतं. तुमचं लिहितेय."

"माझं कशाला? काशीनाथरावांचं लिही."

"ते आहेत का?"

"जाऊन वीस वर्षं झाली."

"मग कसं चालेल? नावापुढे ईमेल लागतो मावशी."

यमुनाबाईंना इतकं हसू आलं की चहा बशीत सांडला. शेवटी त्यांचाच ईमेल काढायचं ठरलं. पासवर्ड काय ठेवायचा यावर अर्धा तास गेला. यमुनाबाईंनी एक ठेवला आणि शितललाही सांगितला नाही.

दहापैकी दोन दिवस उरले असताना उत्तर आलं. शितलच्या पत्राची एक प्रत यमुनाबाईंनाही आपोआप गेली होती, त्यामुळे उत्तर दोघींना एकदमच मिळालं. यमुनाबाईंनी ते शितलकडून दोनदा वाचून घेतलं. इंग्रजीत दोनच शब्द होते: घेतला, आभार.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "काशीनाथराव निदान खाली सही तरी करायचे."

जूनमध्ये शितल पुण्याला गेली. शनिवार रिकामे गेले. पण ईमेलवर पत्रं मात्र येत राहिली, कारण त्या ड्रायव्हरला कुणी हात लावला की प्रत यमुनाबाईंकडे यायची. कुठल्या कुठल्या देशांतली नावं. मजकूर त्यांना निम्मा कळत नसे. आकडे मात्र त्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणून पट्टी लावून वाचत. एकदा एका परक्या माणसाने लिहिलं होतं की एकदाच वाचलं तर वेळ वाचेल, पुन्हा वाचणं कशाला. यमुनाबाईंनी शितलला फोन लावला.

"तो शहाणा पुन्हा पाहायचं काढून टाकायला निघालाय. झोपलीस की काय?"

"वाचलं मावशी. त्याला दुसऱ्या कुणीतरी आधीच नाही म्हटलंय."

पुढल्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर एके दिवशी सुदर्शन सरांचा यमुनाबाईंना फोन आला. संगणकांनी रात्रीत स्वतःच नवी आवृत्ती घेतली होती. सर घाबरत घाबरत खोलीत गेले, बटण दाबलं, तर तापमान आपलं आपण पडद्यावर. कुणी काही बसवलं नव्हतं.

यमुनाबाईंनी लगेच पुण्याला कळवलं. "शितल, शाळेचं चालू आहे सगळं. आता तू विसरलीस तरी चालेल."

पलीकडे शितल हसली. मग म्हणाली, "येत्या शनिवारी येते. भाकरी टाकून ठेवा."

"तांदळाचीच ना?"

"मग काय गव्हाची?"

फोन ठेवून यमुनाबाई उठल्या आणि पिठाचा डबा किती भरलाय ते पाहायला आत गेल्या.