दोनदा हात आपटला की

मित्रांनो, गादी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पलंग आला असेल. पण माझ्यावर कधी कुणी झोपलं नाही. माझ्यावर माणसं पडत आली, तीही धडाधड. मी ज्युदोची गादी आहे. हिरव्या रेक्झिनची, जुनी, एका कोपऱ्याला उसवलेली. आता एका मंडपवाल्याच्या गोदामात पडून असते. ऐकायला वेळ असेल तर माझी कहाणी ऐका. नसला तरी मी सांगणारच, इथे दुसरं कुणी बोलायला आहेच कुठे!

माझा जन्म बडोद्यातलाच, छाणीच्या एका लहानशा कारखान्यातला. दाबून घट्ट केलेला फोम आत भरला, वरून रेक्झिन ताणलं आणि खालून रबर चिकटवलं. शिवणाऱ्या काकांना त्या दिवशी जेवायला उशीर होत होता, म्हणून माझा शेवटचा कोपरा त्यांनी कसातरी उरकला. तो मला जन्मभर नडला.

दीप्तीताईंनी आम्हा गाद्यांना विकत घेतलं आणि सोसायटीच्या हॉलमध्ये एकीला एक लावून अंथरलं. ताई दिवसभर रेल्वेच्या कचेरीत काम करायच्या आणि संध्याकाळी मुलींना ज्युदो शिकवायच्या. बाहेर चपला काढायच्या, आत येऊन वाकून नमस्कार करायचा, मग पडायला शिकायचं. हो, आधी पडायलाच! नवीन मुली घाबरून अंग आखडून घ्यायच्या. मी त्यांना झेलायची. पहिल्यांदा न लागता पडलेली मुलगी कशी हसते, ते मी पाहिलं आहे. तेव्हा मला फार बरं वाटायचं.

ताईंचा एक नियम मात्र कडक होता. पकडीत सापडलेल्या मुलीने दोनदा हात आपटला की तिला त्याच क्षणी सोडायचं. रसिका नावाच्या एका दांडग्या मुलीने एकदा मजा म्हणून जरा जास्त वेळ धरून ठेवलं, तर ताईंनी तिला सरळ हॉलबाहेर उभं केलं.

"ताकद म्हशीतही असते गं," ताई म्हणाल्या. "समोरचा बस म्हणतोय, हे ऐकू येणं मोठं."

वैष्णवी आमच्याकडे आली ती घरच्या अटीवर. बाजव्याजवळच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली होती. कामाची पाळी सकाळची पहिली, म्हणजे कंपनीची बस धरायला उजाडायच्या आत घर सोडायचं. वाटेत बंद शेडची एक सुनसान गल्ली. तिचे वडील मुकुंदराव म्हणाले, "आधी स्वतःला सांभाळायला शीक, मग खुशाल नोकरी कर." एवढ्या एका वाक्यावर ती माझ्याकडे धावत आली. नोकरी म्हणजे तिचा जीव की प्राण. नव्या यंत्राबद्दल बोलायला लागली की रसिका तिला चिडवायची, "अगं, लग्न कर त्या यंत्राशी!"

दोन वर्षांत वैष्णवी तयार झाली. समोरच्याला पाडून त्याच्या छातीवर आडवी झाली आणि मानेभोवती हात टाकला की ताईंनासुद्धा सुटणं जड जायचं. पण कुणी हात आपटला की सर्वांत आधी सोडणारी हीच. मला तिचं भारी कौतुक होतं.

पुढचं मी पाहिलं नाही. वैष्णवीने ते माझ्यावर बसून ताईंना सांगितलं, तसंच सांगते.

थंडीतली सकाळ होती. रोज मोटारसायकलवरून मागे मागे येणाऱ्या एका माणसाने त्या गल्लीत तिची ओढणी धरली. तिने त्याला पाडलं. मानेभोवती हात टाकून दाबून धरलं. तो धडपडला आणि मग त्याने डांबरावर हात आपटला. एकदा, परत एकदा.

वैष्णवीने सोडलं.

तो उठला, बाजूला पडलेली सळई उचलली आणि तिच्या मनगटावर मारली. बसची वाट बघणारी माणसं आरडाओरडा ऐकून धावली, तेव्हा तो पळाला. पुढे तो सापडला नाही.

मग लोकांच्या जिभांना हाड राहिलं नाही. शेजारच्या काकी हॉलच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आटलुं शीखी, पछी शुं फायदो?" एवढं शिकून फायदा काय झाला, म्हणे! एकेक पालक आपापल्या मुलींना घेऊन गेले. माझ्यावर उड्या मारणाऱ्या पोरी दिसेनाशा झाल्या.

एका संध्याकाळी वैष्णवी आपली पिशवी न्यायला आली, हात प्लास्टरमध्ये. सोबत मुकुंदराव होते, चपला न काढता दारातच उभे.

ताईंचे डोळे भरून आले. "माझंच चुकलं गं," त्या म्हणाल्या. "सोडायला शिकवलं. सोडल्या सोडल्या पळ, हे शिकवायला विसरले."

"ताई, सवयीने नाही सोडलं," वैष्णवी म्हणाली. "त्याचा श्वास कोंडला असं वाटलं मला. मरेल की काय, असं वाटलं."

"बघा!" मुकुंदराव दारातून म्हणाले. "हिला कोण कसा हे कळत नाही. नोकरी बंद म्हणजे बंद. पादरा गावी काकांकडे राहील आता. चल, उचल पिशवी."

वैष्णवी जागची हलली नाही.

"बाबा, तो अनोळखी माणूस होता, वाईट होता. तरी त्याने दोनदा हात आपटला आणि मी ऐकलं. मी कधीची सांगतेय, मला कामावर जाऊ द्या. तुम्हाला ऐकूच येत नाही का हो?"

मुकुंदरावांचा चेहरा पडला. मला वाटलं, आता हा माणूस चपला काढून आत येईल, पोरीला जवळ घेईल. पण त्यांनी तिथूनच हात लांबवला, पिशवी ओढून घेतली आणि ते जिना उतरले. वैष्णवी त्यांच्यामागून गेली.

थोड्याच दिवसांत ताईंनी वर्ग बंद केला. आम्हाला मंडपवाल्याने नेलं. आता माझ्यावर लग्नाची पातेली रचलेली असतात आणि उसवलेल्या कोपऱ्यातून उंदीर फोम ओढून नेतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे मी सांगायला हवं असं नाही. मला राहून राहून दुसरंच वाटतं. मार खाऊन आलेल्या माणसाला, तुझं काय चुकलं, ते शोधून देऊ नका. लोकांनी वैष्णवीची चूक काढली, बापाने काढली. ताईंनी माफी मागितली, पण त्या माफीचाही अर्थ तोच झाला, की सोडलं ते चुकलं. अहो, चुकला तो उठून मारणारा! पोरीने एका माणसाचा जीव जाईल म्हणून हात काढला, यात तिचं काय चुकलं? त्या संध्याकाळी एवढं एक वाक्य तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. हॉलमध्ये दोन मोठी माणसं होती. दोघांनाही तोंड होतं.