झोळीवरचा बल्ब

माझी पोर त्या दिवशी माझ्याच हातानं मेली असती.

टोकावड्याला आमच्या घरी वीज आली ती अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत. मुरबाडचा वायरमन कमळाकर अॅल्युमिनियमची वायर घेऊन आला. मामंजी, म्हणजे माझे सासरे महिपत, जाम खूश. "स्वस्त, हलकी, अन् खांबावर पण हीच असते गो!" कमळाकर बोलला, "वायर वाईट नाय. पण तिचे स्क्रू ढिले होतात, वर्षाला आवळून घ्या. अन् तिला तांब्याची वायर जोडू नका, जोड तापतो." आमी माना डोलावल्या. झालं!

मग मिक्सर आला. पोरीच्या, दिपिकाच्या बाबांना कमळाकरची वाट बघायला टाइम कुठं? त्यांनीच तुळईवर तांब्याची वायर पिळून जोडली, वर काळी पट्टी गुंडाळली. दिपिकाची झोळीपण त्याच तुळईला, गाठ अगदी जोडाला खेटून. वर माळ्यावर पेंढा ठासलेला.

घरात दिवसाही अंधार, म्हणून झोळीवरचा, त्याच जोडावरचा बल्ब चालूच. झोळीची दोरी मी चुलीपर्यंत आणलेली. दोरी ओढली की गाठ हले, वायर हले, बल्ब लुकलुके, अन् सहा महिन्यांची पोर खिदळे. आमाला काय कौतुक! मामंजी पाहुण्यांना बोलवून दाखवायचे.

त्या दुपारी मी मिक्सरवर चटणी वाटत होते, दुसऱ्या हातात दोरी. जळका वास आला. वाटलं, भाकर करपली. तव्यात बघितलं तर भाकर पांढरीच. मग वर बघितलं. पट्टी वितळून गळत होती, फटीतून लोंबणारा पेंढा लाल झालेला. झोळी अजून हलत होती, मीच ओढलेली.

"मामंजी, मेन पाडा!" किंचाळले, पोर उचलली, अंगणात पळाले. त्यांनी ओटीवरचा मेन पाडला, मग माळ्यावर हंडे ओतले. झोळीला जळून भोक पडलेलं, तिचं डोकं असायचं तिथंच.

संध्याकाळी कमळाकर आला. "वहिनी, प्रत्येक झोक्याला जोड ढिला होत होता. बल्ब लुकलुकत नव्हता का?"

लुकलुकत होता. अन् मेली मी हसत होते.

तो गेल्यावर पोरीला मांडीवर घेतलं. माझी मांडी थरथरायची थांबेना. तिला वाटलं झोका. तिनं मान वर करून त्या बंद बल्बाकडं बघितलं, अन् खिदळली.