निरोगी म्हणून घेतलेलं रक्त

मंगळवारी सकाळी घरातून वेळेवर निघणं वसुमतीला कधीच जमायचं नाही. दीड वर्षांच्या रघुरामला न्हाऊ घालताना ती त्याचं अंग तपासत बसे. मानेवर लाली तर नाही? गुडघ्याचं खरचटलेलं गरम तर लागत नाही? डास चावल्याचा तिळाएवढा ठिपका दिसला तरी तिचा जीव खालीवर व्हायचा. "हिच्या हाती मायक्रोस्कोप दिला तर पोराला त्याखालीच निजवील," असं तिचा नवरा सेतुमाधव बँकेत जाता जाता म्हणे, आणि सासूबाई तोंडाला पदर लावून हसत.

तिचं कामच तसं होतं. देशाची दारं नुकतीच बाहेरच्या मालाला उघडली होती. तंजावूरच्या दुकानांत परदेशी चॉकलेटं दिसू लागली होती, तसा डॉ. भरद्वाजांच्या छोट्या खाजगी प्रयोगशाळेतही परदेशी मदतीतून एक नवाकोरा मायक्रोस्कोप आला होता. संशोधनाचा विषय होता दाह. अंगात जंतू शिरला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी चवताळून तिकडे धावतात. लाली, ऊब, सूज ही त्यांच्याच झटापटीची खूण. आजाऱ्याच्या पेशी किती चवताळल्या हे सांगायचं, तर शेजारी निरोगी माणसाच्या शांत पेशी हव्यात. त्या रक्ताला प्रयोगशाळेत सगळे 'नॉर्मल' म्हणत.

हे नॉर्मल आणायला लांब जावं लागत नसे. झाडणारा, पहारेकरी, बाटल्या धुणारी राजम, सगळे मंगळवारी भिंतीशी ओळीनं उभे राहत. बाही वर, सुई आत, मग टंबलरभर कॉफी. त्यांना कोणी काही विचारत नसे आणि नंतर काही सांगतही नसे. "आपलीच माणसं आहेत," असं डॉ. भरद्वाज कौतुकानं म्हणत, आणि ते त्यांना मनापासून वाटत असे.

त्या मंगळवारीही वसुमतीनं घाईघाईनं रक्त घेतलं. पेशी वेगळ्या केल्या, त्यांत पिवळसर रंग मिसळला आणि काच मायक्रोस्कोपखाली सरकवली. शांत पेशी हा रंग होता तसा सोडते. चवताळलेली पेशी त्याचा गडद निळा करून टाकते. पहारेकऱ्याची काच फिकट होती, झाडणाऱ्याचीही. राजमची काच लावली आणि वसुमती दचकून मागे सरली. सगळीकडे निळंच निळं. वॉर्डातल्या तापानं फणफणलेल्या रुग्णाचंसुद्धा रक्त इतकं निळं होत नाही!

तिला पहिली भीती वाटली ती स्वतःच्याच चुकीची. नळी अस्वच्छ राहिली का? पाण्यात जंतू गेले का? दिल्लीच्या परिषदेला आकडे पाठवायचे दिवस जवळ आले होते आणि भरद्वाज सरांना अशी चूक खपत नसे. तिनं राजमला पुन्हा बोलावलं.

राजमनं सकाळसारखाच डावा हात पुढे केला. शीर सापडेना. वसुमतीनं दोनदा टोचलं, मग तमिळमध्येच दुसरा हात मागितला. राजम एक पाऊल मागे सरकली. "इकडचाच घ्या, अम्मा," ती म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता आणि उजवा हात पदराखाली होता. वसुमतीला आठवू लागलं: मागच्या आठवड्याच्या शेवटीही तो पदराखालीच होता.

तिनं पदर बाजूला केला.

हात कसला, फुगवलेली रबरी पिशवी! मधलं बोट काळंनिळं, त्यावर हळद आणि चुन्याचा सुकलेला थर, आणि मनगटापासून कोपराकडे चढत गेलेली एक लाल रेघ. आपल्या मुलाच्या अंगावरचा तीळभर ठिपका जिला दिसतो, तिनं ह्याच बाईचं रक्त सकाळी अगदी हातभर अंतरावरून घेतलं होतं.

राजमनं हळूहळू सांगितलं. धुताना एक काच तडकली, तिचा तुकडा बोटात गेला. सांगितलं असतं तर काच फोडली म्हणून मुकादमानं घरी बसवलं असतं. रोजावरचं काम; तिला दोन मुली होत्या आणि घरात दुसरं मिळवतं माणूस नव्हतं. म्हणून ती एका हातानं नळ्या धूत राहिली.

वसुमती धावतच भरद्वाजांच्या खोलीत गेली. राजम दारात उभी होती. वसुमती आणि सर दोघंही तंजावूरच्या मराठी घरांतले. नोकरांना कळू नये असं काही असलं की ते मराठीत बोलत. तिनं सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला आणि त्यांच्या तोंडून मोठा सुस्कारा निघाला.

"चला, कारण तरी सापडलं. मला वाटलं आपली पद्धतच चुकतेय. हिचा आकडा काढून टाक. फेकून दे ते रक्त आणि दुसरं कोणी बघ."

वसुमतीला धक्का सरांच्या बोलण्याचा बसलाच, पण त्याहून मोठा बसला तो स्वतःचा. पदर सरकवल्यावर क्षणभर तिच्याही मनात हेच आलं होतं: नळी स्वच्छ होती, चूक माझी नव्हती.

ती बाहेर आली, राजमला रिक्षात बसवलं आणि सरकारी इस्पितळाकडे निघाली. वाटेत खड्ड्यानं हात हिंदकळला की राजम ओठ चावे. मग ती अचानक मोडक्या मराठीत म्हणाली, "मी लहानपणी राजवाड्यामागच्या मराठी घरी कामाला होते, अम्मा. तुमचं बोलणं मला कळतं. रक्त खराब, फेकून दे म्हणाले सार. मलापण काढणार?"

वसुमतीला रिक्षातून उडी टाकावीशी वाटली. इतक्या मंगळवारी ह्या बाईच्या देखत आपण काय काय बोललो असू!

इस्पितळात डॉ. अखिलांनी हात पाहिला आणि लगेच शस्त्रक्रियेची तयारी करायला सांगितलं. विष वर चढत होतं. आणखी उशीर म्हणजे हात जाणार, कदाचित जीवही. मधलं बोट वाचलं नाही. हात वाचला.

संध्याकाळी डॉ. भरद्वाज आले. कोपऱ्यात उभं राहून ते आपण हेतुपुरस्सर काही केलं नाही, संशोधन सगळ्यांच्याच भल्यासाठी आहे, एका माणसापुरतं थांबलं तर विज्ञान पुढे कसं जाणार, असं काहीबाही सांगत राहिले. वसुमतीकडून सगळं ऐकलेल्या अखिलाबाईंनी त्यांना पूर्ण बोलू दिलं.

"डॉक्टर, तुमच्या विज्ञानाशी माझं भांडण नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "उद्या त्यातूनच औषध निघेल, मीच ते देईन. पण बघा, त्या पेशींनी आपलं काम चोख केलं. आत काहीतरी बिघडलंय असं ओरडून सांगितलं. तुम्ही ते ऐकलंतही. फक्त तुम्हाला ती चूक वाटली, माणूस वाटलं नाही. दर आठवड्याला तिच्या रक्ताला विचारत होता, कसं आहेस? तिला कधी विचारलंत?"

भरद्वाज खाटेकडे पाहत राहिले. पट्टीनं गुंडाळलेला तो हात त्यांच्याच नळ्या धूत आला होता, त्यांच्याच काचेनं कापला होता. दाहावर आयुष्य घालवलेल्या माणसाला आपल्या दारातली सूज दिसली नव्हती! त्यांचे डोळे भरून आले. राजमची नोकरी कायम राहील, असं ते तिला म्हणाले, ह्या वेळी तमिळमध्ये, तिच्याकडे बघून.

राजम कामावर परतली तोवर काच धुणाऱ्यांना जाड हातमोजे आले होते आणि काच फुटली तर त्यावरून कोणाला घरी बसवायचं नाही असं मुकादमाला सर्वांसमोर बजावलं गेलं होतं. त्या मंगळवारी रांग लावण्याआधी डॉ. भरद्वाजांनी सगळ्यांना खुर्च्यांवर बसवलं. हे रक्त कशासाठी घेतो, त्यात काही आढळलं तर आधी तुम्हाला कसं सांगू, आणि द्यायचं नसेल तर नोकरीला धक्का लागणार नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं. मग पहिलीला विचारलं, "राजम, तू देशील?"

राजमनं थोडा विचार केला.

"नको, सार."

मुकादमानं डोळे वटारले.

"बरं," भरद्वाज म्हणाले. त्यांनी स्वतःची बाही वर केली आणि हात वसुमतीपुढे धरला. "आधी माझं घे. निकाल मलाही सांग."

वाचकहो, आपल्याही घरात, कचेरीत, कारखान्यात अशी 'आपलीच माणसं' असतात. त्यांचे कष्ट, त्यांचा वेळ, कधी त्यांचं रक्तही आपण सहज घेतो, आणि त्यांनी हसून दिलं असं धरून चालतो. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला किंमत ती काय? म्हणून आधी विचारा, मग त्याचा नकार ऐकून घ्यायला शिका. माणसाला माणूस मानायची सुरुवात तिथून होते.