न चाखता

ताप चार दिवसांत उतरला, पण जाताना अपेक्षाची चव सोबत घेऊन गेला.

पाचव्या दिवशी सकाळी तिनं चहाचा घोट घेतला, तर तोंडात नुसतं गरम पाणी. साखर आहे की नाही कळेना, आलं आहे की नाही कळेना. तिनं हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. डबी उघडली काय नि मिटली काय, सारखंच.

अकोल्याच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं. "येईल परत. महिन्यात येईल, नाहीतर वर्ष लागेल. सांगता येत नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या कुणाला एवढं ऐकून धीर आला असता. अपेक्षाला वर्षभर थांबता येणार नव्हतं. अमरावतीच्या एका दैनिकात नऊ वर्षं तिचं रविवारचं स्वयंपाकाचं सदर चाललं होतं. बाया ती कात्रणं पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवत. तेच बघून पुण्याच्या एका प्रकाशनानं तिच्याकडे वऱ्हाडी घरगुती स्वयंपाकाचं पुस्तक मागितलं होतं. साठ पदार्थांचं. एकोणपन्नास लिहून झाले होते, उरले होते अकरा. आजकाल लोक एअर फ्रायरमधलं भरलं वांगं तीस सेकंदांच्या रीलमध्ये उरकतात. अपेक्षा एकेक पदार्थ तीनतीनदा करायची, तीनदा चाखायची, मगच कागदावर घ्यायची.

आता चाखायचं कुणी?

तिचा नवरा शेखर म्हणाला, "मी आहे ना."

पण शेखरच्या जिभेपाशी शब्द दोनच. एक 'मस्त', दुसरा 'चालते'. पातोडीचा रस्सा मस्त, डाळकांदा मस्त, उकडशेंगोळे चालते. एकदा तिनं वाटाणा-आलूच्या भाजीत चुकून दोनदा मीठ टाकलं. शेखर ताट स्वच्छ करून म्हणाला, "मस्त." मग ओट्याशी, तिच्याकडे पाठ करून तो लागोपाठ तीन पेले पाणी प्यायला. अपेक्षानं ते पाहिलं आणि तिला त्याची दयाही आली, रागही आला.

त्याच दुपारी पुण्याहून संपादिका मायाचा फोन आला. "अपेक्षाताई, अकरा कधी पाठवताय? दिवाळीत पुस्तक यायचंय."

"महालक्ष्म्या झाल्या की कळवते."

कळवायचं काय, ते मनात ठरत आलं होतं. उरलेले अकरा दुसऱ्या कुणाला द्या, नाहीतर पुस्तकच राहू द्या. जिला आपल्या हातच्या आमटीचं मीठ कळत नाही, तिनं दुसऱ्याच्या चुलीपाशी कुठल्या तोंडानं उभं राहायचं?

महालक्ष्म्यांना, म्हणजे भाद्रपदातल्या गौरींना, ती दरवर्षी अमरावतीजवळच्या चांदूर बाजारला जायची, पार्बताबाईकडे. पार्बताबाई तिच्या वडिलांची थोरली बहीण. गावाच्या कडेला दीड एकराचा मळा. त्यात सांबार म्हणजे कोथिंबीर, पडवळ, दोडकी, अंबाडी, वांगी. पहाटे भाजी खुडायची, जुड्या बांधायच्या, बाजारात न्यायच्या, यात आत्याची साठ वर्षं गेली होती आणि पाठ अजून सरळ होती. मळ्यातच तीन खोल्यांचं सिमेंटचं घर. घरात गॅस असला तरी महालक्ष्म्यांचं पुरण मागच्या अंगणातल्या चुलीवरच शिजायचं.

जेवणाच्या दिवशी सकाळी अपेक्षा पोचली तेव्हा अंगणात सोळा भाज्यांचा ढीग पडला होता. आत्याची सून प्रतीक्षा फोडणीच्या कढईवर मोबाइल धरून उभी होती.

"बाजूले हो व, वाफ लागन त्याले," आत्या ओरडली.

"आई, रील बनवून राहिली मी. मागच्या वर्षीच्याले चार हजार लोकायनं पाह्यलं."

"पाह्यलं असन. पन तू त्याच्यावर गानं लावतं. फोडनीचा आवाज झाकून टाकते अन् वरून ढिंचाक ढिंचाक. मंग पाहनाऱ्याले कळन कसं, कांदा केवा टाकाचा?"

प्रतीक्षा हसली. आत्यानं वळून अपेक्षाला पाहिलं, जवळ ओढून गालावरून बोटं फिरवली. "काहून व, वाळली? नवरा जेवू देत नाई का?"

"देतो. मलाच जेवावंसं वाटत नाही."

"बरं. हात धू अन् आंबील धर. माही कढी, प्रतीक्षाचं पुरन, तुही आंबील."

ज्वारीची आंबील. अकरांतली एक. अपेक्षा जागची हलली नाही.

"आत्या, मला आंबील नको देऊ. मला चव कळत नाही. श्रावणात ताप आला होता, तेव्हापासून. वाससुद्धा येत नाही. पुस्तक परत करते आहे मी."

आत्यानं हातातलं पडवळ खाली ठेवलं. तिचा चेहरा असा झाला की जणू कुणी विचारलं, पाणी ओलं असतं का.

"मंग? आज इथं कोनाची जीभ कामाची हाय?"

अपेक्षाला समजायला वेळ लागला. महालक्ष्म्या म्हणजे घरी आलेल्या लेकी. त्यांच्या आधी अन्नाला तोंड लावायचं नाही. कढी, पुरण, वडे, सोळा भाज्या, काहीच चाखायचं नाही. लहानपणापासून तिनं हे पाळलं होतं, पण अडाण्यासारखं, नियम म्हणून. न चाखता एवढा स्वयंपाक जमतो कसा, हा प्रश्न तिला नऊ वर्षांच्या लिहिण्यात एकदाही पडला नव्हता.

"चाळीस वर्षं झाले मले," आत्या म्हणाली. "शंभर मानसाची कढी करतो. थेंब जिभेले लागत नाई."

"मग कळतं कसं?"

"आंग कामाले लावाव ना, माय. कान हाय, डोये हायेत, हात हाय. एकल्या जिभेनं कायचा सयपाक होते?"

आणि तिनं कढीच्या फोडणीत मोहरी टाकली. आत्या उभी राहिली, मान जराशी तिरपी करून, पलीकडच्या बांधावरून कुणी हाक मारत असावं तशी. मोहरी तडतडली, भांडली, दमली. मग आत्या गुणगुणली:

मोहरी झाली मुकी, आता हात नको राखू
देवाच्या आधी बाई, जिभेनं नको चाखू

आणि 'राखू'वर हिंग, 'चाखू'वर कढीपत्ता असे तिच्या हातातून पडले.

"हे गाणं आहे?" अपेक्षानं विचारलं.

"गानं कायचं? माही सासू म्हने. तिले लिवता येत नोतं, म्हून ती म्हनून ठेवे."

चुलीपाशी प्रतीक्षा पुरण घोटत होती. "आई, झालं का पाहा व!"

"पळी उभी कर. पडते का?"

पळी उभी राहिली. दोघी सासू-सुना एका सुरात म्हणाल्या:

पुरनामंदी पळी उभी, जशी नवी सून
हलली नाई, बोलली नाई, घे मंग उतरून

"ह्यातली नवी सून मी नव्हतीच," प्रतीक्षा म्हणाली. "मी पयल्या दिवसापासून बोलतो."

"म्हून त तुहं पुरन पातळ होते," आत्या म्हणाली.

अपेक्षानं हात धुतले.

ताकात ज्वारीचं पीठ कालवलेलं होतं. तिनं पातेलं गॅसवर ठेवलं आणि ढवळू लागली. सवयीनं दोनदा पळी ओठांकडे गेली, दोनदा तिनं ती परत आणली. जीभ नाही म्हटल्यावर उरलेलं सगळं अंग हळूहळू जागं होऊ लागलं. आधी पळी पाण्यात फिरावी तशी सैल फिरत होती. मग तळाशी काहीतरी धरू लागलं, मनगटाला ओढ लागली. पांढुरका रंग गेला, वर साईसारखी चकाकी आली. आणि आवाज बदलला. मघाचा उकळीचा बारीक खळखळाट संपून एकेक जाड बुडबुडा फुटायला लागला. थप्प. थांबून, पुन्हा थप्प. पावसाळ्यात काळ्या रानातून चालताना चिखलातून वहाण निघते, तसा.

हा आवाज तिनं आयुष्यभर ऐकला होता. ऐकला होता, पण विचारला कधीच नव्हता, कारण चाखलं की काम भागत होतं.

"झाली," ती स्वतःशीच म्हणाली.

"मले कायले सांगतं? मीठ टाक," आत्या म्हणाली.

इथं मात्र ती अडली. मीठ बोलत नाही, रंग बदलत नाही. तिनं चमचा शोधला.

"चमचा ठेव. किती वर्सं झाले तुले सयपाक करता?"

"बावीस."

"मंग हाताले इचार. तो इतके वर्सं झोपून होता का?"

अपेक्षानं मिठाच्या बरणीत हात घातला, तळव्यावर मीठ घेतलं. तळवा जरासा खोलगट झाला, आपोआप. थोडं मीठ बोटांतून परत सांडलं, तेही आपोआप. उरलेलं तिनं पातेल्यात सोडलं आणि डोळे मिटून घेतले.

नैवेद्य झाला. आरती झाली. अंगणात पंगत बसली तेव्हा अपेक्षा वाढायला न येता दाराच्या आड उभी राहिली. तिला शंभरजणांची भीती नव्हती, एकाचीच होती. शेजारचे नत्थुजी. लग्न असो, तेरवी असो, नत्थुजी पहिल्या घासालाच निकाल देत, तोही पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा. त्यांच्या तोंडून 'चांगलं' हा शब्द गावानं अजून ऐकला नव्हता.

नत्थुजींनी आंबील ओरपली. मिशा पुसल्या.

"आंबील कोनं केली?"

पंगतीतल्या माना वळल्या.

"माह्या भाचीनं," आत्या म्हणाली. "बोला, काय म्हनता?"

"शिजली बराबर हाय. घट्ट बी नाई, पातळ बी नाई. पन मीठ जराकसं राखून टाकलं."

अपेक्षा दाराआड आणखी मागे सरली. कळलं तर. शंभर लोकांत कळलं.

"अन् कढी?" आत्यानं विचारलं.

नत्थुजींनी कढीचा भुरका मारला आणि वाटी खाली ठेवली. "पार्बताबाई, कढी खारट हाय."

पंगतीत खसखस पिकली. आत्यानं डोक्यावरचा पदर सावरला, नि सगळ्यांच्या आधी तीच मोठ्यानं हसली. "असन! चाळीस वर्सांत हे पाचव्यांदा. लक्ष्म्या काई उठून गेल्या नाईत."

नत्थुजींनी जास्त वेळ घालवला नाही. कढीची वाटी आंबिलीत ओतली, बोटानं कालवलं, चाखलं. "आता जमलं. आना अजून दोन्ही."

पाहता पाहता पंगतभर तेच सुरू झालं. आंबिलीत कढी, कढीत आंबील. दोन्ही पातेली खरवडून निघाली. दाराआडून अपेक्षा पाहत होती. चाळीस वर्षांचा हात चुकतो. चुकल्यावर हसतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा कढी करतो. आणि ती, एका वाटाणा-आलूच्या भाजीवरून सगळं सोडून निघाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मळ्याच्या बांधावर बसून मायाला फोन लावला. जे होतं ते सांगितलं, आडपडदा न ठेवता.

"आधी का नाही सांगितलंत?" माया म्हणाली. आवाजात राग नव्हता, काळजी होती. "पण ताई, चव न घेता पाककृती... मी छापू कशी? वाचकांनी विचारलं तर?"

"तू घरी आहेस का?"

"हो. आज घरूनच काम."

"बेसन आहे? कांदा, मिरची? फोन ओट्यावर ठेव, स्पीकरवर. घट्ट बेसन करू. तुमच्याकडे पिठलं म्हणतात ते. अकरांतलं एक."

"आत्ता?"

"आत्ता. करायचं तू, ऐकायचं मी."

अपेक्षानं आपलाही फोन स्पीकरवर टाकला. पुण्यात गॅस पेटल्याचा खट्ट आवाज बांधावर ऐकू आला. सांबाराच्या जुड्या बांधणारी आत्या हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसली. मोहरी पडली.

"कांदा टाकू?"

"थांब. अजून बोलून राहिली ती," अपेक्षा म्हणाली.

तडतड विरळ झाली. एक दाणा. मग आणखी एक. मग काहीच नाही.

"आता!" आत्या आणि भाची एकदम म्हणाल्या.

कांदा पडला, आधी जोरात ओरडला, मग हळूहळू पुटपुटू लागला. पुटपुट मऊ झाल्यावर अपेक्षानं पाण्यात कालवलेलं बेसन ओतायला लावलं, हात थांबवू नको म्हणाली. मिठाला मात्र तिनं चमचा सांगितला नाही. "तुझ्या हातानं टाक. रोज टाकतेस तसं." मग वाट पाहिली. खळखळ. खळखळ. आणि मग, थप्प.

"बारीक कर गॅस. झाकण ठेव. पन्नासपर्यंत मोज आणि बंद कर."

पलीकडे झाकण निघालं, चमचा वाजला. आत्यानं अपेक्षाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ताई," माया म्हणाली. तोंडात घास होता. "मीठ जरा कमी पडलं, वरून घेतलं. बाकी... एकही गुठळी नाही हो. माझ्या पिठल्यात कायम गुठळ्या होतात." पुन्हा चमचा वाजला. "हे सगळं असंच लिहाल? मोहरी मुकी होते, ते थप्प, सगळं?"

"असंच लिहीन. आणि जे मला कळत नाही, ते कळत नाही असंही लिहीन. चाखून तू पाहायचं."

"अकराही?"

"अकराही. पुढचे रोडगे आहेत, वांग्याच्या भाजीबरोबरचे कणकेचे भाजलेले गोळे. त्यांना गोवऱ्यांचा विस्तव लागतो."

"कोथरूडमध्ये? चौथ्या मजल्यावर?"

आत्यानं फोन ओढून घेतला. "चवथ्या मजल्यावर कायले जाळ करतं, माय? इकडं ये. वांगे खुडाचेच हायेत. सांग, कोन्या गाडीनं येऊन राहिली?"

माया खळखळून हसली. अपेक्षानं कान दिला. पुण्याहून कळफलकावरची टकटक ऐकू येत होती. माया अमरावतीची गाडी शोधत होती.