जनाबाईच्या घरचा चहा

शुक्रवारची प्रार्थनासंगती या वेळी कुणाकडे, हा प्रश्न इंदूरमधल्या त्या मूठभर मराठी ख्रिस्ती कुटुंबांत दर आठवड्याला निघायचा आणि दर आठवड्याला अरविंद साळवेच तो सोडवायचे. साळवे पीथमपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी मॅनेजर. माल पास की नापास हे ठरवण्याची सवय त्यांच्याबरोबर घरापर्यंत आली होती. नगरकडून नोकरीसाठी आले, सुदामा नगरात घर बांधलं, आणि पवित्र शास्त्राचा अभ्यास घेण्याचं काम आपसूकच त्यांच्या गळ्यात पडलं. घेतही छान होते. अब्राहामाचा विश्वास सांगायला लागले की बायका पदराने डोळे टिपायच्या.

संगती आळीपाळीने सगळ्यांकडे भरे. भजनं, वाचन, प्रार्थना आणि शेवटी शेव घातलेले पोहे नि चहा. फक्त एका घरी ती आजवर कधीच भरली नव्हती. जागा लहान आहे, एवढं म्हटलं की पुढे कुणी विचारत नसे. मंडळी, आपल्याकडच्या मोठ्या चुका अशाच होतात. त्या कुणी ठरवून करत नाही, त्यामुळे कुणाला मोडाव्याशाही वाटत नाहीत.

ते घर इंदूरजवळच्या महूतल्या मारुतीचं. मारुती म्हणजे संगतीचा ढोलकवाला. त्याच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या लष्करी छावणीतले संडास साफ केले, त्यानेही उभा जन्म झाडूकाम केलं. दर शुक्रवारी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, ढोलक खांद्याला अडकवून तो बायकोसोबत बसने यायचा. हिवाळ्यात त्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवं अंग गेलं. तेव्हापासून भजनं टाळ्यांवरच चालली होती.

मंगळवारी संध्याकाळी त्याच्या बायकोचा, जनाबाईचा, फोन आला.

"जय मसीह की, भिया! या शुक्रवारी संगती आमच्या यहां ठेवा ना. यांना उठवत नाही. रोज पूछतात, ढोलक कोण वाजवतंय म्हणून. एकदा सगळ्यांना बघायचं म्हणतात."

साळव्यांच्या तोंडून नेहमीचं वाक्य आपोआप बाहेर आलं, "बघतो, जनाबाई. तुमच्याकडे जागा जरा लहान पडेल ना... सगळ्यांना विचारून सांगतो."

"हां, जागा तो लहानच आहे," असं म्हणून तिने फोन ठेवला. तिचा आवाज मुळीच चढला नाही, आणि तेच साळव्यांना टोचलं.

शारदाबाई समोर बसून मटार सोलत होत्या. शाळेत गणित शिकवणारी बाई, उत्तर चुकलं की तिला आधी कळायचं. त्यांनी नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि पुढची शेंग फोडली. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

साळवे अभ्यासाला बसले. अभ्यास क्रमाने चालू होता, त्यामुळे या आठवड्याचा भाग निवडायला वाव नव्हता. नेमका येशूच्या शिष्याचा, पेत्राचा भाग! भर दुपारी भुकेला पेत्र छतावर प्रार्थना करतो आहे, आकाशातून मोठी चादर उतरते, तिच्यात तऱ्हेतऱ्हेचे प्राणी, आणि खा म्हणून हुकूम होतो. पेत्र म्हणतो, छे, विटाळाचं मी कधी तोंडात घातलं नाही. देव त्याला बजावतो, मी शुद्ध केलेल्याला नावं ठेवणारा तू कोण? तेवढ्यात परक्या जातीच्या एका फौजी माणसाचं बोलावणं दाराशी येतं.

साळव्यांनी पान उलटलं. पुढचा धडा घेतला तर? मग स्वतःचीच लाज वाटून पान परत मागे आणलं.

बुधवारी कारखान्यात त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका चांगल्या मालावर नापासचा शिक्का मारला, हाताखालच्या पोरांनी दाखवून दिल्यावर ओशाळले. दुपारी महूच्या अच्युतरावांना फोन केला. अच्युतराव रिटायर्ड हेडमास्तर, संगतीतले सगळ्यात वडीलधारे.

"माझी काहीच हरकत नाही, साळवे," अच्युतराव म्हणाले, "पण बायकांना चालेल का? नंतर चहापाणी असतं. समजून घ्या."

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं, तशा शारदाबाई हसल्या. "अच्युतरावांच्या बायको मला म्हणाल्या, आम्हाला चालेल हो, पण पुरुषमाणसांना चालायचं नाही. म्हणजे घरात चालत नाही असं कुणीच नाही, आणि पाऊल मात्र एकाचंही पुढे पडत नाही!"

"शारदा, तू उगाच वाढवू नकोस. महू लांब पडतं सगळ्यांना."

"अच्युतरावांचं घर महूतच आहे. मारुतीच्या घरापासून दोन गल्ल्यांवर."

जेवताना भाजीत मीठ नाही हेही साळव्यांच्या लक्षात आलं नाही.

गुरुवारी सकाळी दारावर कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली. शारदाबाई ओला-सुका कचरा देऊन परत आल्या आणि डबा भरता भरता म्हणाल्या, "आपल्या शहराचा सफाईत पहिला नंबर आला की तुम्ही ऑफिसात पेढे वाटता. ज्यांच्या हातांनी तो नंबर येतो, त्यांच्या हातचा चहा मात्र नको, नाही का?"

"मी कधी असं म्हटलं? मी जात मानत नाही!"

"तुम्ही म्हणत काहीच नाही. जागा लहान आहे एवढंच म्हणता." त्यांनी डब्याचं झाकण दाबलं. "अहो, तुमच्या आजोबांना गावच्या शाळेत पायरीवर बसवायचे. पोरांना हे सांगताना दर वेळी तुमचा आवाज कापतो."

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं? तेव्हा पायरीवर आपण होतो, एवढंच ना!"

साळवे बूट घालता घालता थांबले. "म्हणजे माझा विश्वास खोटा, असंच ना?"

"खोटा नाही हो. विश्वास भरपूर आहे तुमचा, त्याला पाय तेवढे नाहीत." शारदाबाईंचा आवाज आता मऊ झाला होता. "पेत्राला एवढं दर्शन झालं, आणि तो छतावर बसून त्याच्यावर प्रवचनच देत राहिला असता, तर? आज्ञा मानली म्हणजे काय केलं त्याने? जिना उतरला. दाराशी आलेल्या माणसांबरोबर चालत गेला. तुमच्याही दाराशी बोलावणं आलंय, आणि तुम्ही जागेची मापं काढताय."

साळवे डबा घेऊन निघाले. कंपनीच्या बसमध्ये बसल्यावर त्यांनी संगतीच्या ग्रुपवर लिहिलं : उद्याची संगती मारुतीच्या घरी. पाठवल्यावर मात्र दिवसभर ते घटकेघटकेला फोन काढून बघत राहिले. कुणाला ताप आला, कुणाकडे पाहुणे आले. अच्युतरावांचं उत्तरच आलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी साळवे नवराबायको गल्लीत शिरले, तेव्हा अच्युतराव आणि त्यांच्या बायको कोपऱ्यावर घुटमळत उभे होते. "तुमचीच वाट बघत होतो," अच्युतराव खाली बघत म्हणाले. बाकी थोडे मागून आले.

घर एका खोलीचं, पण आरशासारखं लख्ख. मारुती खाटेवर उशीला टेकून बसला होता. तेल लावून भांग पाडलेला, अंगात तोच इस्त्रीचा शर्ट. ढोलक मांडीवर. भजन सुरू झालं तसा डाव्या हाताने त्याने एकाच बाजूवर ठेका धरला. ठेका मधेच निसटायचा, तो पुन्हा पकडायचा. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

साळव्यांनी पेत्राचा भाग घेतला. जिना उतरण्याचं सांगितलं. बोलता बोलता त्यांना हलकंही वाटायला लागलं. चला, आपण तर आलो! आज्ञा पाळली! सुटलो!

मग चहा आला.

जनाबाईने ट्रे पुढे केला. कोपऱ्यावरच्या टपरीतून आणलेली किटली, कागदी कप, नमकीनची बंद पाकिटं, पाण्याच्या सीलबंद बाटल्या. "घ्या भिया. सगळं बाहेरचं आहे, पॅक आहे. आमच्या घरचं काही नाही. बिनधास्त घ्या."

साळव्यांची नजर तिच्यामागच्या फळीवर गेली. तिथे निळ्या फुलांचे कप धुऊन, पुसून, ओळीने पालथे घातलेले होते. मोठ्या हौसेने घेतलेले असणार. पण काढले नव्हते.

अरे देवा! म्हणजे हिला सगळं माहीत होतं! इतकी वर्षं आपल्या घरी येऊन, आपले पोहे खाऊन, कपबशा विसळून जाताना हिला माहीत होतं, आणि आपल्याला अवघडू नये म्हणून 'जागा लहान आहे' ही आपली थाप हीच आपल्यासाठी सांभाळत होती! साळव्यांना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. उंबरा ओलांडून आलो म्हणून मिरवत होतो, आणि तिने मात्र आपल्या मनातला उंबरा ओळखून ट्रेमध्ये मांडून ठेवला.

त्यांनी कागदी कप खाली ठेवला.

"जनाबाई, हा चहा राहू द्या. तुमच्या घरचा होईल का?"

अच्युतरावांनी हातातलं नमकीनचं पाकीट खाली ठेवलं.

"आमच्या हातचा?" जनाबाईने विचारलं.

"तुमच्या हातचा. त्या कपांतून." साळव्यांचा आवाज कापला. "चुकलं आमचं. वर्षानुवर्षं चुकलं."

जनाबाई ट्रे हातात धरून उभीच राहिली. तेवढ्यात अच्युतराव खाकरले आणि म्हणाले, "माझ्यात साखर कमी टाका. मला शुगर आहे."

शारदाबाईंना हसू फुटलं, मग सगळेच हसले. जनाबाई मात्र हसली नाही. पदराने डोळे खसाखसा पुसत ती तडकली, "आता सांगता? दूध तेवढं आहे का घरात माहीत नाही! आणि नुसतं चुकलं-चुकलं काय करता भिया, ते कप काढा फळीवरून. आज माझा हात नाही पोचत."

साळवे उठले. एकेक कप काढून तिच्या हातात देऊ लागले. खाटेवरून मारुती अडखळत म्हणाला, "पो... पोहे पण कर."

आलं घातलेला तो चहा सगळे प्यायले. अच्युतरावांनी दोनदा मागून घेतला, तोही साखरेचा. निघताना साळव्यांनी विचारलं, "पुढच्या शुक्रवारी कुणाकडे?" आणि पहिल्यांदाच उत्तर त्यांनी दिलं नाही, इतरांना देऊ दिलं. सगळ्यांनी मारुतीकडे पाहिलं.

मंडळी, शास्त्र कुठलंही असो, ते वाचून मान डोलावणं सोपं असतं. ज्या दाराशी आपले पाय अडतात ते दार ओलांडणं, आणि आत गेल्यावर हात राखून न बसणं, याला आज्ञापालन म्हणतात. विश्वास खरा की खोटा, ते तिथेच कळतं. तुमच्या आळीपाळीतूनही एखादं घर वर्षानुवर्षं सुटत असेल. त्याची जागा लहान आहे, असं तुम्हीही म्हणत असाल. एकदा जाऊन बघा. आणि गेलात तर चहा मागून घ्या, त्यांच्या कपातून.